कोपऱ्यातले नऊ

बन्सीधर सरांना गणित येतं का, असं गंगाखेडात कुणी विचारलं असतं तर लोकांनी विचारणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. इतकी वर्षं माणूस आठवी ते दहावीला बीजगणित शिकवायलाय, येत असल्याशिवाय शिकवंल का? पण खरं सांगायचं तर सर होते बी.ए., अन् तेही मराठी घेऊन. शाळा नवी होती, गणिताला माणूस मिळेना, तेव्हा हेडमास्तरांनी पुस्तक ह्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, तूर्त घ्या. ते तूर्त काही संपलं नाही. सरांचा आवाज खणखणीत आणि फळ्यावरचं अक्षर असं सुबक, की त्यात चूक शोधायची कुणाची छाती झाली नाही.

त्यातही अवयव पाडणं हा सरांचा हातखंडा. क्ष वर्ग अधिक सहा क्ष अधिक आठ. आता असे दोन आकडे काढा, ज्यांचा गुणाकार आठ आणि बेरीज सहा. दोन आणि चार. झाली मधल्या पदाची फोड, पडले अवयव, पुढचं गणित घ्या. पंचाईत व्हायची ती फोड न होणाऱ्या गणिताशी गाठ पडली की. पुस्तकात मधूनच एखादं निघायचं, सहा क्ष अधिक सात असलं. साताचे आकडे काढून काढून किती काढणार? एक आणि सात, बेरीज आठ. सहा काही केल्या जमायचे नाहीत. मग सर खडू खाली ठेवायचे, चष्मा पुसायचे आणि सांगायचे, "छापायची चूक आहे. सात खोडा, आठ करा." पोरं मुकाट्यानं खोडायची. ह्यात लबाडी होती म्हणावं तर तसंही नाही. सरांना मनापासून वाटायचं की पुस्तकवाल्यांनीच घोटाळा करून ठेवलाय. दरसाल नवं पुस्तक येतं आणि दरसाल चूक त्याच जागी कशी राहते, हा सवाल त्यांच्या डोक्यात कधी शिरलाच नाही.

आता घरातली गोष्ट सांगायची तर सर-सर म्हणून कसं भागंल, बन्सीधरच म्हणू. बन्सीधरची बायको मनकर्णा. लग्न झालं तेव्हा दहावी नापास, बाकी सगळे विषय निघालेले, गणित तेवढं राहिलेलं. पुढं लेकरं झाली, शाळेत जायला लागली, आणि तिच्या माहेरच्या गावातली एक बाई बालवाडीवर लागल्याचं हिच्या कानावर आलं. दहावी पास पाहिजे, वय अमक्याच्या आत पाहिजे. मनकर्णानं मनावर घेतलं. बन्सीधरनं तिला रोज संध्याकाळी समोर बसवून शिकवायला सुरुवात केली. ती दोनदा परीक्षेला बसली आणि दोनदा गणितात गेली. आता मार्चातली खेप शेवटची. ती हुकली की वय निघून जाणार होतं.

ती पास व्हावी असं बन्सीधरला वाटत नव्हतं का? वाटत होतं. अगदी पोटातून वाटत होतं. पण त्याच्या हातून व्हावी असं वाटत होतं. पेन्सिल दातात धरून ती त्याच्याकडं बघायची आणि म्हणायची, "आवं, हे तुमाला कसं काय सुचतं?" तेवढ्या एका वाक्यावर त्याचा अख्खा दिवस निघायचा. शाळेत हेडमास्तर काहीही बोलोत, गावात कुणी विचारो न विचारो, घरात एक माणूस आपल्याला अकलेचा धनी समजतं, एवढं त्याला पुरेसं होतं. असं समजणारं दुसरं कुणी नव्हतं, हेही त्याला ठाऊक होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये शाळेत सूर्यभान आला. बी.एस्सी., आणि गणित घेऊन. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी दहावीचं गणित त्याला देऊन टाकलं. बन्सीधर वरून म्हणाला, बरं झालं, माझं ओझं उतरलं. आतून मात्र त्याला असं झोंबलं की त्या दिवशी त्यानं चहासुद्धा अर्धा टाकला. वयानं दोघं सारखेच. दोघांच्या पदव्यांवर विद्यापीठही एकच, ज्याच्या नावावरून अठ्ठ्याहत्तर सालापासून भांडण चाललेलं. त्या साली बन्सीधर कॉलेजात होता आणि नामांतराच्या विरोधातल्या मोर्चात, सगळे निघाले म्हणून, चौकापर्यंत चालला होता. सूर्यभानच्या घरच्यांना त्याच साली गाव सोडावं लागलं होतं. सूर्यभाननं ते कधी काढलं नाही आणि बन्सीधरनं कधी विचारलं नाही. पेपरात नामांतराची बातमी आली की स्टाफरूममधले लोक उसाच्या भावावर बोलायला लागायचे.

सूर्यभानची बायको सुलाबाईही बाहेरून दहावीला बसायलेली. फॉर्म भरायच्या रांगेत तिची आणि मनकर्णाची गाठ पडली, तिथंच दोघींचं गूळपीठ जमलं. सूर्यभान शाळा सुटल्यावर आपल्या अंगणात सुलाबाईला आणि वस्तीतल्या आणखी दोघी-तिघींना शिकवतो, असं मनकर्णाला कळलं. ती घरी येऊन म्हणाली, "मी बी जाऊ का? तुमाला तेवढाच आराम."

"जा की," बन्सीधर म्हणाला. नाही म्हणायला कारण सापडलं नाही म्हणून तो जा म्हणाला. आणि मनात म्हणाला, दोन दिवसांत परत येईल, त्याचं शिकवणं तिला काय कळणार आहे.

ती पहिल्या दिवशी परत आली ती गालात हसतच. बन्सीधर पेपर वाचायचं सोंग करून बसला होता. तिनं न विचारता सांगायला सुरुवात केली. "आज गंमत झाली. सरांनी ते सहा क्ष अधिक सातचं घातलं. मी मनलं, सर, ती छापायची चूक हाय, तिथं आठ पायजे. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या."

बन्सीधरनं पेपर खाली केला. "मग तो काय म्हणाला?"

"मनले, वहिनी, आठ घेतले तर लवकर सुटतं, बन्सीधर सरांनी सोपं करून दिलं असंल. आज सातानंच करून बघू."

एखाद्यानं चारचौघांत तोंडावर चूक काढली तर माणूस भांडू तरी शकतो. ह्या सूर्यभाननं चूक झाकली होती. बन्सीधरची अब्रू त्यानं आपल्या अंगणात, स्वतःच्या बायकोसमोर, अलगद सांभाळली होती आणि वर त्याचा गाजावाजाही केला नव्हता. बन्सीधरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उपकार, आणि तेही ह्याचे.

मनकर्णाला ह्यातलं काही दिसलं नाही. तिनं चुलीजवळचा कोळसा उचलला आणि फरशीवर चौकोन काढला. "हे बघा. हा चौकोन, ह्याची बाजू क्ष. आता सहा क्ष हायेत, त्याच्या दोन पट्ट्या करायच्या, तीन-तीनच्या. एक हिकडून लावायची, एक खालून. आता कोपरा राहिला का न्हाई मोकळा? तीन बाय तीनचा. तो भरायला नऊ लागतात. आपल्याजवळ हायेत सात. दोन कमी पडले. मंग शेजारणीकडून पीठ आणतो तसे दोन उसने आणायचे, कोपरा भरायचा, अन् लगेच वजा दोन लिवून परत देऊन टाकायचे. चौकोन पुरा झाला, कुणाचं ठेवलं बी न्हाई."

"आणि पुढं?"

"पुढं सोपं हाय. क्ष अधिक तीनचा वर्ग, वजा दोन. वर्गांच्या वजाबाकीचे अवयव तर तुमीच शिकवले मला. दोनाचं वर्गमूळ सरळ निघत न्हाई, तर न्हाई निघत. वर करणीचं चिन्ह घालायचं अन् तसंच ठिवायचं. सर मनले, आकडा वाकडातिकडा आला मनून घाबरायचं न्हाई, खरा असला मंजी झालं."

बन्सीधर फरशीकडं बघत राहिला. हे इतकं सोपं होतं आणि इतकी वर्षं तो सात खोडत बसला होता. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याला आनंद झाला असता, तेवढा तो कोरडा नव्हता. पण मनकर्णाच्या तोंडून दर वाक्याला "सर मनले, सर मनले" येत होतं, आणि ते सर म्हणजे तो नव्हता.

"आवं, त्यांना कसं काय सुचतं हे?" ती म्हणाली.

बस्स. तेवढं ऐकलं आणि बन्सीधर उठून बाहेर गेला.

पुढचे काही दिवस त्यानं तिला अडवायचे नाना प्रकार करून पाहिले. आधी लेकरांचा अभ्यास काढला, मग स्वतःची कंबर काढली. शेवटी जे काढायला नको होतं ते काढलं. म्हणाला, "रोज त्या वस्तीत जातीस, लोक काय म्हणतील?" बोलताना त्याचं त्यालाच कसंसं झालं. वस्तीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, तिथं शिकवणारा माणूस ब्राह्मण असता तरी हा असाच जळाला असता. पण ह्या बहाण्याला गावात दहा जणांनी मान डोलावली असती, म्हणून त्यानं तो उचलला.

मनकर्णा पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "लोक माझा पेपर लिवायला येणार हायेत का?" आणि थोड्या वेळानं, "तुमी असं बोलताव असं मला वाटलं नव्हतं." बन्सीधरनं तो विषय परत काढला नाही.

मग त्याच्या डोक्यात दुसरं शिरलं. त्यानं शाळेत मोकळ्या तासाला कागद घ्यायला सुरुवात केली. सूर्यभानची ती कोपरा भरायची रीत त्यानं एकेका गणितावर लावून पाहिली. शिकायला म्हणून नाही, ती कुठं मोडते ते शोधायला. सहा क्ष अधिक पाच, सुटलं. अधिक चार, सुटलं. अधिक तीनही सुटलं. चिडून त्यानं उलट्या बाजूनं जायचं ठरवलं आणि अधिक दहा घेतलं. कोपऱ्याला नऊच लागतात, जवळ दहा आहेत. कोपरा भरून एक उरला. वर्ग अधिक एक. त्याच्या पुढं काही जाईना. वजाबाकी असती तर अवयव पडले असते, बेरजेला धरायचं कुठून? त्यानं दोनदा करून पाहिलं, तिथंच येऊन अडलं. बन्सीधरला इतका आनंद झाला की तो मोठ्यानं "सापडलं" म्हणून ओरडला, आणि शिपाई खिडकीतून डोकावून विचारायला लागला, सर, बोलावलं का. गंमत बघा, इतक्या वर्षांत गणितात पहिल्यांदा त्याला स्वतःहून काही सापडलं होतं, आणि ते सापडलं जळफळाटातून. ते गणित का अडतं, हे शोधायची इच्छा मात्र त्याला झाली नाही. सूर्यभान तिथं अडावा, एवढीच त्याची इच्छा होती.

रविवारी दुपारी मनकर्णा निघाली तसा तो म्हणाला, "थांब, मी पण येतो. बघू तर कसं शिकवायलाय." तिचा चेहरा असा फुलला की त्याला क्षणभर लाज वाटली. पण क्षणभरच.

सूर्यभानच्या अंगणात लिंबाखाली पत्र्याला काळा रंग देऊन केलेला फळा होता. बायका पोत्यावर बसलेल्या. बन्सीधरला पाहून सूर्यभान गडबडून उठला, घरात एकच खुर्ची होती ती बाहेर आणली. सुलाबाईनं चहा आणला. बन्सीधरनं आजवर त्या वस्तीत कुणाच्या घरी चहा घेतला नव्हता. त्यानं कपाकडं पाहिलं, मग मनकर्णाकडं पाहिलं. ती कधीच बशी तोंडाला लावून मोकळी झाली होती. त्यानंही घेतला.

"सर, तुम्ही आलात तर एखादं गणित तुम्हीच घाला," सूर्यभान म्हणाला.

बन्सीधर ह्याचीच वाट पाहत होता. तो उठला आणि आपल्या सुबक अक्षरात फळ्यावर लिहिलं, क्ष वर्ग अधिक सहा क्ष अधिक दहा. खाली लिहिलं, अवयव पाडा. खडू सूर्यभानपुढं धरला आणि म्हणाला, "तुम्हीच दाखवा, सर. तुमची रीत आम्हीही बघू."

सूर्यभाननं फळ्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, आणि ते हसू बन्सीधरला आवडलं नाही. त्यात घाबरल्याची काही खूण नव्हती. "फार चांगलं गणित घातलं सर तुम्ही," तो म्हणाला. "हे मी दाखवण्यात मजा नाही. मनकर्णा वहिनी, तुम्ही या."

बन्सीधर मागं सरून खुर्चीत बसला. सापळा लावला कुणाला आणि त्यात चालली कोण. तिला थांबवावं असं त्याच्या मनात आलं, पण काय सांगून थांबवणार? मनकर्णा पदर खोचून फळ्यापाशी गेली. चौकोन काढला, पट्ट्या लावल्या, कोपऱ्यात नऊ लिहिले. मग हात थांबला. बन्सीधर जिथं अडला होता, नेमकी तिथंच ती अडली.

ती खडू बोटांत फिरवत उभी राहिली. बन्सीधर खुर्चीच्या टोकावर आला. ती अडावी असं त्याला वाटत होतं आणि अडू नये असंही वाटत होतं, आणि दोन्हीतलं खरं कोणतं हे त्याला सांगता आलं नसतं.

"इथं उसनं घ्यायचं कामच पडत न्हाई," ती हळूच म्हणाली. "कोपरा भरून एक उरलाय. उसनं न्हाई तर वजा काय करायचं?"

"मग?" सूर्यभाननं विचारलं.

"मंग ह्याची फोड होत न्हाई."

"आमच्या रीतीनं होत नाही, का होतच नाही?"

सुलाबाईनं काहीतरी सुचवायला तोंड उघडलं, सूर्यभाननं हातानं थांबवलं. मनकर्णा चौकोनाकडं टक लावून बघत होती. मग बोलायला लागली, एकेक शब्द चाचपत. "फोड असती तर दोन कंस असते. कंसात नेमका आकडा घातला की कंस शून्य व्हतो, मंजी सगळंच शून्य व्हतं. पण हा वर्ग हाय. वर्ग कमीत कमी शून्य. त्याच्या खाली तर जात न्हाई. अन् वर हा एक हायेच. मंजी क्षच्या जागी काय बी घाला, एकाच्या खाली येणारच न्हाई. शून्य कधीच न्हाई व्हणार. मंग कंस कुठून असतील? होतच न्हाई सर. कुण्याच रीतीनं न्हाई."

आणि तिनं वळून पाहिलं. आधी सूर्यभानकडं.

बन्सीधरच्या काळजात काय झालं ते काय सांगावं. इतकी वर्षं ते बघणं त्याचं होतं. बरोबर का, असं विचारणारे ते डोळे, ती भुवई, सगळं त्याच्या मालकीचं होतं. आता त्याच्याच डोळ्यांदेखत, खुर्चीवर तो बसलेला असताना, ते दुसऱ्याकडं गेलं.

सूर्यभाननं मान हलवली नाही. तो म्हणाला, "मला काय विचारता वहिनी, गणित ज्यांनी घातलं त्यांना विचारा." माणूस सरळ होता, त्याला वाटलं बन्सीधर सरांना उत्तर ठाऊक असणार आणि बायकोला शाबासकी द्यायचा मान त्यांचाच.

मनकर्णा त्याच्याकडं वळली. हाताला खडू, कपाळाला घाम. "बरोबर हाय का, वो?"

बन्सीधरला कळलं होतं की ते बरोबर आहे. ती बोलत असतानाच त्याला लख्ख कळलं होतं, गणित त्यानं घातलं असलं तरी त्याचं कारण आत्ता, तिच्याकडून कळलं होतं. हो म्हणायला काय लागतं? एक शब्द. पण तो शब्द म्हटला तर ते यश कुणाचं, ते सगळ्या अंगणाला दिसत होतं.

"चूक," तो म्हणाला.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सूर्यभानची मान झटक्यात वर आली. पण नवरा-बायकोच्या मधे तो काय बोलणार.

एरवी मनकर्णा तिथंच विरघळली असती. घरी असं व्हायचं, तो चूक म्हणायचा आणि ती उत्तर खोडायची, आपलं बरोबर होतं का चूक हेही न बघता. तिचा हात फळ्याकडं गेलाही. पण खोडता खोडता ती थांबली. तिनं वरपासून एकदा वाचलं. चौकोन पाहिला, पट्ट्या पाहिल्या, कोपरा पाहिला, उरलेला एक पाहिला. ह्या वेळी तिनं ना नवऱ्याकडं पाहिलं ना सूर्यभानकडं.

"न्हाई," ती म्हणाली. "बरोबर हाय."

आवाज चढवला नाही, रागावली नाही. फळ्यावर आहे ते वाचून दाखवावं तसं बोलली. मग हात झटकले आणि पोत्यावर आपल्या जागी जाऊन बसली. "सर, पुढलं घाला," ती सूर्यभानला म्हणाली, आणि सूर्यभाननं पुढचं घातलं.

परत येताना ती पुढं आणि तो मागं. मारुतीचा पार मागं पडला. मग बन्सीधर घसा खाकरून म्हणाला, "मी तुझी परीक्षा घेतली."

"हां," ती म्हणाली. दोन पावलं चालली. "मंग, झाले का पास?"

त्याला तिच्या तोंडाकडं बघायचं होतं, पण ती पुढं होती. "झालीस," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिनं दिवा लावला, भाकरी केल्या, त्याला वाढलं, लेकरांना वाढलं. रोजच्यासारखंच. आवरून झाल्यावर पुस्तक घेऊन बसली. बन्सीधरनं चष्मा पुसला, तिच्या समोरच्या जागेवर येऊन बसला आणि जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाला, "अडलं तर विचार."

"विचारते की," ती मान वर न करता म्हणाली.

ती एकेक गणित सोडवत गेली. बन्सीधर समोर बसून राहिला. तिला कुठं अडलं नाही.